जमिनीवर बसणाऱ्या घरासाठी सर्किट

महाराष्ट्राच्या सीमेलगत, कर्नाटकातल्या चिकोडी, सदलगा, बोरगाव, निपाणी या पट्ट्यातल्या जुन्या घरांत न्हाणी मागच्या अंगाला असते. खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात पाणी तापवायचा बंब, उंबऱ्याला बोटभर चढ, आणि पत्र्याच्या दाराला आतून कडी. पंचाहत्तरीची आज्जी इथे पडली तर आवाज बाहेरच्या सोप्यापर्यंत पोचत नाही. सोप्यात कुणी असेलच असंही नाही. मुलगा पुण्याला, लेक इचलकरंजीला, नातू बंगळुरात. ऊस तोडायच्या दिवसांत तर शेजारीपाजारीही रानात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडण्यामुळे दगावतात, आणि त्यात साठीपुढच्यांचं प्रमाण सर्वांत जास्त असतं. डॉक्टरांना विचारलं तर ते पडण्याइतकीच आणखी एका गोष्टीची धास्ती सांगतात: पडल्यावर माणूस किती वेळ तसाच पडून राहिला. खुब्याचं हाड मोडलं तर शस्त्रक्रिया होते. पण थंड फरशीवर तीन-चार तास हलता न आल्याने स्नायू मरू लागतात, त्याचा भार मूत्रपिंडांवर येतो, अंगातलं पाणी कमी होतं, छातीत कफ धरतो. म्हणजे पडल्याची वर्दी दहा मिनिटांत मिळाली की दुपारी पोरं शाळेतून आल्यावर मिळाली, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

वर्दी देणारी साधनं आहेत. ॲपलने २०१८ मध्ये चौथ्या पिढीच्या घड्याळात पडणं ओळखायची सोय आणली. गळ्यात अडकवायची बटणं त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. पण आंघोळीला जाताना आज्जी पहिली गोष्ट करते ती अंगावरचं काढून कोनाड्यात ठेवते. घड्याळ असेल तर तेही. कॅमेऱ्याचं नावच काढायला नको. न्हाणीत कॅमेरा लावू देणारं घर या भागात मिळायचं नाही, आणि मिळूही नये.

उरतो रडार. विमानतळावरचा नव्हे, हाताच्या तळव्यावर मावणारा. ६० गिगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या या रडारच्या लहरींची लांबी ५ मिलिमीटर असते. अंधार, पडदा, अंगावरचं लुगडं, न्हाणीतली वाफ यांनी त्याचं फारसं बिघडत नाही. त्याला चेहरा दिसत नाही. दिसतं ते एवढंच की समोर किती अंतरावर काहीतरी आहे आणि ते किती वेगाने जवळ येतंय किंवा लांब जातंय. लहरीची कंपनसंख्या ४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चढवत नेली, तर पावणेचार सेंटिमीटर अंतरावरच्या दोन वस्तू वेगळ्या कळतात. स्थिर बसलेल्या माणसाची छाती श्वासाबरोबर काही मिलिमीटर हलते, तेसुद्धा परतलेल्या लहरीच्या कलेतल्या फरकावरून ताडता येतं.

अडचण दुसरीकडे आहे. समजा रडारला चार ग्राहक अँटेना आहेत, एका झलकेत तो १२८ वेळा लहर सोडतो, प्रत्येक लहरीचे २५६ नमुने घेतो, प्रत्येक नमुना दोन बाइटचा, आणि अशा वीस झलका दर सेकंदाला. गुणाकार करून पाहा: सेकंदाला ५२ लाखांवर बाइट. दिवसाला साधारण साडेचारशे गिगाबाइट. मोबाइलच्या दीड-दोन जीबीच्या दिवसभराच्या पॅकमध्ये हे कुठे बसवणार? आणि एवढ्या ढिगाऱ्यातून अखेर हवं काय, तर एक ‘हो’ किंवा ‘नाही’. पडली, की नाही पडली.

तेव्हा हा ढिगारा कुठल्या तरी लांबच्या सर्व्हरकडे पाठवून उत्तर मागवण्यात अर्थ नाही. उत्तर न्हाणीच्या भिंतीवरच काढायला हवं, आणि माहिती येईल त्याच वेगाने.

वेगाचा प्रश्न आला की आपल्याला प्रोसेसर आठवतो. लॅपटॉपमधला, फोनमधला. प्रोसेसर भलताच चपळ असतो, पण त्याचा मूळ स्वभाव एकेक हुकूम वाचून पाळत जाण्याचा. हा आकडा उचल, तो उचल, गुणाकार कर, तिथे ठेव, पुढचा हुकूम वाच. रडारच्या प्रत्येक झलकेवर फूरिए रूपांतर नावाचं गणित करावं लागतं. लहरींच्या गुंत्यातून कोणत्या कंपनाचा किती वाटा आहे ते त्यातून निघतं. ते झटपट करायची कूली आणि टुकी यांनी १९६५ मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरात आहे. वरच्या उदाहरणात हे गणित सेकंदाला वीस हजारांवर वेळा करायचं आहे, चोवीस तास, न थांबता.

इथे दुसरी वाट निघते. हुकूम वाचणारं यंत्र वापरण्याऐवजी त्या गणिताचंच यंत्र बांधायचं. या भागातल्या माणसाला हे गुऱ्हाळावरून लगेच कळेल. चरकातून रस निघत असतो, मंदाणात साठत असतो, काहिलीत आधीचं आधण उकळत असतं, गुळव्या त्याच्यावर नजर ठेवून असतो, आणि त्याही आधीचं आधण साच्यात थंड होत असतं. उसाच्या एका मोळीचा गूळ व्हायला काही तास लागतात, पण ढेपा मात्र एकीमागून एक पडत राहतात, कारण कुणीच दुसऱ्याचं संपायची वाट बघत बसलेला नसतो. गणिताचं सर्किट असंच बांधतात. पहिला टप्पा आत्ताचा नमुना घेतो, तेव्हा दुसरा टप्पा मागच्या नमुन्यावर गुणाकार करत असतो आणि तिसरा त्याही मागच्याची बेरीज. १०० मेगाहर्ट्झच्या घड्याळावर दर १० नॅनोसेकंदाला प्रत्येक टप्पा एकेक पाऊल पुढे सरकतो. मध्येच दुसरं काम निघालं म्हणून थांबणं नाही. उत्तर किती ठोक्यांनी बाहेर येणार हे आधीच मोजून सांगता येतं.

मग प्रत्येक कामाचं यंत्र का बांधत नाहीत? कारण सिलिकॉनची चिप एकदा ओतली की ओतली. तिचे छपाईचे मुखवटे तयार करायलाच कोट्यवधी रुपये लागतात. लाखो नग खपणार असतील तरच ते परवडतं. शिवाय चूक राहिली तर सगळं मुसळ केरात.

या कोंडीवरचा तोडगा रॉस फ्रीमन या अमेरिकी अभियंत्याने काढला. १९८४ मध्ये बर्नार्ड फॉन्डरश्मिट आणि जेम्स बार्नेट यांच्यासह त्याने झायलिंक्स ही कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी एक्ससी २०६४ ही चिप बाजारात आणली. तीत ६४ छोटे तर्कखंड होते आणि त्यांच्यामध्ये तारांचं जाळं. कुठला खंड काय करेल आणि कुठली तार कुणाला जोडली जाईल हे कारखान्यात ठरलेलं नव्हतं. चिप विकत घेणारा आपल्या टेबलावर बसून ते ठरवणार, आणि उद्या मन बदललं तर पुन्हा ठरवणार. अशा चिपला एफपीजीए म्हणतात. त्या काळी ट्रान्झिस्टर महाग असत. एकेक वाचवण्यात अभियंत्यांची हयात जाई. फ्रीमनचा डाव असा की ट्रान्झिस्टर स्वस्तच होत जाणार आहेत, तर थोडे वाया गेले म्हणून बिघडलं काय. तो खरा ठरला. बघायला मात्र राहिला नाही. चाळिशी ओलांडली न ओलांडली तोच, १९८९ मध्ये तो गेला. पुढे २०१५ मध्ये इंटेलने अल्टेरा ही याच धंद्यातली दुसरी कंपनी १६.७ अब्ज डॉलरला घेतली आणि २०२२ मध्ये झायलिंक्स एएमडीकडे गेली. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये १,६३२ सर्व्हरांना अशा चिपा जोडून बिंगच्या शोधनिकालांची क्रमवारी लावून पाहिली, तर तेवढ्याच सर्व्हरांकडून ९५ टक्के जास्त काम निघालं.

हा तर्कखंड आतून कसा असतो? नाव भारदस्त, वस्तू अगदी साधी. खंडात शिरणाऱ्या चार तारा धरा. प्रत्येक तारेवर ० किंवा १. चार तारांच्या मिळून १६ जुळण्या होतात. खंडात १६ ओळींचं एक चिमुकलं कोष्टक असतं, आणि प्रत्येक जुळणीपुढे उत्तर लिहिलेलं: ० किंवा १. एवढंच. कोष्टकातल्या १६ जागा भरण्याच्या ६५,५३६ तऱ्हा आहेत, म्हणजे हा एकच खंड ६५,५३६ वेगवेगळ्या प्रकारे वागू शकतो. डाग देणं नाही, तार तोडणं नाही. कोष्टक बदललं की सर्किट बदललं.

आपल्या न्हाणीसाठी एक कोष्टक भरून पाहू. रडारच्या गणितातून चार प्रश्नांची उत्तरं चार तारांवर आली आहेत असं समजा. पहिली तार: शरीर जमिनीपासून दीड फुटाच्या आत आहे का? दुसरी: गेल्या दोन सेकंदांत ते वेगाने खाली आलं का? तिसरी: हातापायांची हालचाल चालू आहे का? चौथी: ही बसण्या-झोपण्याची नेहमीची जागा आहे का?

पलंग, सोफा आणि उभ्याने शॉवर घेणाऱ्या घरात कोष्टक भरायला फार डोकं लागत नाही. तिथे मोठं माणूस जमिनीलगत जायचं कारणच नाही. पहिल्या तारेवर १ आणि चौथीवर ० असेल तर वाजव घंटा. १६ पैकी चार ओळींपुढे १ लिहायचा, बाकी सगळीकडे ०. परदेशातल्या वृद्धांच्या घरांसाठी बनलेल्या साधनांमागे थोड्याफार फरकाने हेच गृहीत असतं.

हेच कोष्टक चिकोडीच्या घरात आणा. आज्जी जमिनीवर बसून जेवते, जमिनीवर बसून भाजी निवडते, दुपारी भिंतीशी पटकूर टाकून तिथेच कलंडते. पोरांनी हौसेने आणलेल्या कॉटवर तिला झोप लागत नाही. न्हाणीत तर ती बुटक्या पाटावर बसूनच आंघोळ करते. पहिल्या तारेवर जवळजवळ दिवसभर १. घंटा सकाळपासून वाजत सुटेल आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी तिचा प्लग उपसून टाकेल.

तेव्हा ओळी नव्याने भरायला हव्यात. पहिल्या तारेवर १, दुसरीवर १, तिसरीवर ०, म्हणजे वेगाने खाली आली आणि आता हलत नाही, तर घंटा; मग जागा कुठलीही असो. दोन ओळींचा निकाल लागला. खरी पंचाईत पुढे आहे. भोवळ येऊन माणूस नेहमी धाडकन पडतं असं नाही. भिंतीला टेकत टेकत हळूहळू घसरतंही. मग दुसरी तार ० राहते. खाली आहे, हलत नाही, वेगाने आलेली नाही: ही बेशुद्ध पडलेली बाई असेल किंवा देवाचं नाव घेत डोळे मिटून बसलेली. चार तारांत याचा निवाडा होत नाही. पाचवी लागते: तीन मिनिटं हात हललेला नाही का? अंगावर तांब्याने पाणी घेणारीचा हात तीन मिनिटं थांबत नसतो. पाच तारा म्हणजे ३२ ओळी. सहा झाल्या तर ६४. २००६ पासूनच्या व्हर्टेक्स-५ या एफपीजीए मालिकेत प्रत्येक कोष्टक सहा तारांचंच आहे आणि अशी हजारो कोष्टकं एका चिपवर असतात.

व्हर्टेक्स-५ चं नाव मुद्दाम घेतलं. ही चिप आपल्या मुलखात एका फार मोठ्या कामावर बसली आहे, आणि न्हाणीतल्या रडारला जे साधायचं आहे ते तिथे कितीतरी मोठ्या प्रमाणावर चालतं.

जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेना, त्यातल्या १४ मधल्या चौकात आणि बाकीच्या तीन दिशांना, मिळून २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. जाड पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांची जाळी वापरून त्यांनी खर्च आवाक्यात आणला. गेल्या दशकात दुर्बिणीचं आधुनिकीकरण झालं. आता प्रत्येक ॲन्टेनाकडून दोन ध्रुवणांचे संदेश येतात आणि ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा टिपण्यासाठी प्रत्येकाचे सेकंदाला ८० कोटी नमुने घेतले जातात. तीस गुणिले दोन गुणिले ऐंशी कोटी: सेकंदाला ४,८०० कोटी नमुने. त्यांचं पहिलं स्वागत करायला व्हर्टेक्स-५ बसवलेले बोर्ड आहेत. ते नमुने घेतात, गठ्ठे बांधतात आणि पुढच्या संगणकांकडे धाडतात. मोठा हिशेब तिथे ग्राफिक्स प्रोसेसर करतात. म्हणजे सगळं काम एफपीजीएवर टाकलेलं नाही. दारात उभं राहून लोंढा झेलायचा, एवढंच त्याच्याकडे.

त्या दारातच त्याला आणखी एक काम दिलं गेलं. आकाशातून येणारे रेडिओसंदेश कमालीचे क्षीण असतात, आणि खोडदच्या आसपास आपल्याकडच्या कुठल्याही ग्रामीण भागासारख्या विजेच्या तारा गेल्या आहेत. एखाद्या इन्सुलेटरवर ठिणगी पडली की तिचा रेडिओ-खडखडाट दुर्बिणीत शिरतो. मग अभियंत्यांनी ठिणगी ओळखून जागच्या जागी काढून टाकणारी चाळणी एफपीजीएवर बसवली. तिच्या मुळाशी सरासरी नसून मध्यक आहे. २, ३, २, ४, ९०० हे आकडे घ्या. सरासरी येते १८२, म्हणजे त्या एका ठिणगीने सगळ्यांना बाटवलं. क्रमाने लावून मधला आकडा घेतला तर तो ३. ९०० च्या जागी ९ लाख आले तरी तो ३ च. मधल्या आकड्यापासून फार दूर गेलेला नमुना ठिणगीचा, हे मग सहज कळतं. आता इतक्या वेगाने येणारे नमुने क्रमाने लावायचे कसे? एक युक्ती अशी की आठ बिटांच्या नमुन्याला २५६ च किमती असू शकतात, तर २५६ मोजण्या ठेवायच्या, प्रत्येक नमुन्याला त्याच्या मोजणीत टाकायचं आणि निम्मे नमुने भरेपर्यंत एका टोकाकडून मोजत यायचं. क्रम लावावाच लागत नाही. प्रोसेसरला हे कंटाळवाणं वाटेल, सर्किटला मानवतं.

हे दारातच का करायचं? पुढे संगणकात नमुन्यांच्या बेरजा आणि सरासऱ्या होतात. त्यात ठिणगी एकदा मिसळली की वेगळी काढता येत नाही. न्हाणीतही तसंच. वाळत घातलेला टॉवेल वाऱ्याने हलतो, नळ ठिबकतो, सोप्यातला पंखा फिरत असतो. हे सगळे रडारच्या लेखी खडखडाटच. तो आल्या क्षणी बाजूला केला तर पुढच्या कोष्टकाला पाच तारा स्वच्छ मिळतात.

आता एक कबूल करायला हवं. भिंतीवर लावायची जी पेटी उद्या बाजारात येईल, तिच्यात बहुधा एफपीजीए नसेल. मोटारींना पुढचं वाहन दाखवणाऱ्या रडारमुळे रडार-चिपांचं उत्पादन प्रचंड वाढलं, आणि आता फूरिए रूपांतराचं सर्किट रडारच्याच चिपमध्ये ओतून मिळतं. कोष्टक तर सेकंदाला वीसदाच पाहायचं, त्याला दोन-तीनशे रुपयांचा मायक्रोकंट्रोलर पुरे. बदलता येणाऱ्या हार्डवेअरची जागा त्या आधीची: कुठलं गणित, किती बिटांचं, कुठली चाळणी हे नक्की व्हायचं असतं तेव्हा. उत्तर सापडलं, नगांची मागणी लाखावर गेली, की ते कायमच्या चिपमध्ये ओततात. सोनोग्राफीच्या यंत्रांचा प्रवास याच वाटेने चालला आहे. ६४ वाहिन्या, प्रत्येकीचे सेकंदाला चार कोटी नमुने, आणि प्रत्येकाला नॅनोसेकंदांचा नेमका उशीर लावून केलेली बेरीज: हृदयाची इको काढणाऱ्या यंत्रात हे काम वर्षानुवर्षं एफपीजीए करत आले आहेत. बटरफ्लाय आयक्यूसारख्या खिशात मावणाऱ्या यंत्रासाठी मात्र खास चिप बनवली गेली. (तरीही आपल्याकडे ते पिशवीत टाकून म्हाताऱ्यांच्या दारोदार फिरता येणार नाही. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्राची नोंदणी आणि वापराची जागा यांवर कडक बंधनं आहेत. ती का आली हे सर्वांना माहीत आहे. आज्जीचं हृदय मात्र त्यापायी तालुक्याच्या गावी न्यावं लागतं.)

चिप कुठलीही असो, तिचं कोष्टक कुणाला धरून भरलं हा प्रश्न उरतोच. यंत्राने माणूस ओळखण्याचा या भागातल्या वृद्धांना एक अनुभव येऊन गेला आहे. १० नोव्हेंबर २०१४ ला जीवन प्रमाण योजना सुरू झाली. पेन्शनरने हयातीचा दाखला बोटाच्या ठशाने द्यायचा. कल्पना सोयीची. पण निपाणीचा परिसर तंबाखूचा आणि विड्यांचा. तेंदूची पानं कातरून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून ज्या बाईची चाळीस वर्षं गेली, तिच्या बोटावरच्या रेषा झिजलेल्या असतात. कष्टकऱ्यांच्या ठशांची ही अडचण देशभर दिसली. २०२१ च्या नोव्हेंबरात चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय झाली, तेव्हा बऱ्याच जणांची सुटका झाली. ठसे टिपणारं यंत्र बिघडलेलं नव्हतं. त्याच्या कोष्टकात विडी वळणारं बोट कुणी धरलंच नव्हतं.

पडणं ओळखणाऱ्या यंत्रांचं शिक्षणही कसं झालं आहे पाहा. या क्षेत्रात फार वापरला जाणारा सिसफॉल नावाचा माहितीसंच कोलंबियात तयार झाला, २०१७ मध्ये. कमरेला बांधलेल्या त्वरणमापकांची ती नोंद आहे. त्यात २३ तरुण आणि १५ वयस्क आहेत. वयस्कांना पडायला सांगणं धोक्याचं, म्हणून पडण्याच्या नोंदी तरुणांच्या आहेत. अपवाद फक्त एकाचा, साठ वर्षांच्या माणसाचा, आणि तो ज्युडोत तयार होता! ज्याला पडायचं शास्त्रशुद्ध शिक्षण मिळालं आहे तो, आणि गुडघे धरून उठणारी आज्जी, यांच्या पडण्यात काही साम्य असेल का?

चूक किती चालेल याचाही हिशेब घालावा लागतो. कोष्टक सेकंदातून एकदाच पाहिलं असं धरलं तरी दिवसात ८६,४०० निवाडे होतात. लाखात एक चुकला, तरी रोज एक खोटी घंटा जवळपास ठरलेली. कागदावर हे यंत्र ९९.९९९ टक्के अचूक, आणि घरात महिन्याभरात सगळे वैतागलेले. त्यावर उपाय यंत्रात कमी आणि माणसांत जास्त आहे. पहिली वर्दी पेटीनेच आज्जीला बोलून द्यावी, तिच्या बोलीत: मराठी, कन्नड किंवा दोहोंची भेळ. तिने हात हलवला तर विषय संपला. अर्ध्या मिनिटात उत्तर नाही तर शेजारी. त्यानंतर मुलगा. पुण्यातल्या मुलाला आधी कळवणारी यंत्रं मला अर्धवट वाटतात. तो तिकडून करणार काय, शेजारच्यालाच फोन ना?

पुढे रुग्णवाहिका. १०८ हा आकडा कर्नाटकात २००८ पासून आहे, महाराष्ट्रात २०१४ पासून. आकडा एकच, पण दोन राज्यांचे नियंत्रण कक्ष वेगळे. निपाणीकराला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडतं आणि दुखणं मोठं असलं की गाडी आपसूक कोल्हापूर किंवा मिरजेकडे वळते. कुठल्या दवाखान्यात न्यायचं हे पेटीला आधी सांगून ठेवलेलं बरं. हे कोष्टकही प्रत्येक घराचं वेगळं.

चिकोडीत केएलईचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, निपाणीत व्हीएसएमचं. दोन्ही बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाला जोडलेली, आणि त्या विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या अभ्यासक्रमात व्हेरिलॉग, म्हणजे एफपीजीएत सर्किट लिहायची भाषा, शिकवली जाते. प्रयोगशाळेत पोरं तीत बेरीज करणारं सर्किट लिहितात, मोजणारं लिहितात, चौकातले दिवे लिहितात. रडारचं सुटं मॉड्यूल आणि शिकाऊ एफपीजीए बोर्ड काही हजारांत येतात. जगाकडे जे नाही ते यांच्या घरात आहे: नऊवारी नेसलेली बाई पाटावरून उठते कशी. आधी एक हात गुडघ्यावर, दुसरा भिंतीला, अंग पुढे झुकलेलं, एक थांबा, मग दुसरा गुडघा. कधी पहिला प्रयत्न फसून ती पुन्हा खाली बसते, आणि रडारला ते पडल्यासारखंच दिसतं. तीस-चाळीस घरांत, परवानगी घेऊन, आज्ज्या-आजोबांना कपड्यांनिशी कोरड्या न्हाणीत बसतं-उठतं करून याची नोंद ठेवायला एक सत्र पुरेल. पडायला कुणालाच सांगायचं नाही. नीट बसणं-उठणं कसं असतं हे एकदा पक्कं कळलं, की जे तसं नाही ते वेगळं काढता येतं.